पाठराखीण म्हणून पाठवलेला भाऊ

आई, तुझ्याशी एकदा कडाकडा भांडायचं राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले. तू होतीस तेव्हा धीर झाला नाही. गेलीस तेव्हा लोक म्हणाले, गेलेल्या माणसावर राग धरू नये. का धरू नये? गेलेलं माणूस काय दुधाने धुतलेलं असतं? तू गेलीस त्या वयाच्या पुढे माझी थोरली लेक गेली आता. मी तुझ्याहून कितीतरी म्हातारी झालेय. तेव्हा मला गप्प बस म्हणायचा तुझा हक्क संपला, आता ऐक.

सरळच सांगते, मला त्याचा, माझ्या भावाचा, हेवा वाटायचा. माझ्याहून धाकटा, पण अंगाने माझ्या दीडपट, आणि बोलायला दोन-तीन शब्द. गावातले लोक त्याला खुळा म्हणायचे आणि तुला खुळ्याची आई. मला कुणाची कोण म्हणावं हे कुणाला सुचलंच नाही. सकाळी चुलीपुढे तू तांदळाची भाकरी भाजतेस, तो पाटावर बसलाय, तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून. फुगलेली पहिली भाकरी त्याची. सुक्या बोंबलाचा मधला तुकडा त्याचा, डोकं-शेपूट माझं. एकदा मी न राहवून म्हटलं, "मला पण भरव की गं." तू तव्यावरची नजरसुद्धा काढली नाहीस. म्हणालीस, "तुला तोंड हाय, हात हाय. तू मागून घेशील, नाय दिलं तर भांडून घेशील. त्याला कोण हाय?" झालं! मी शहाणी निपजले हाच माझा गुन्हा. त्या दिवसापासून तुझ्याकडे काही मागायचं नाही असं मी ठरवलं आणि पाळलंही. तुला ते कळलंसुद्धा नाही, याचा मला अजून संताप येतो.

आणि ते पालघरचे हेलपाटे! त्या वर्षांत तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं, रस्त्याने दिवसभर ट्रकांची धूळ. आपल्या वाडीतली वांगी, केळी तू मजुरांच्या वस्तीवर विकायचीस, तिथे मोडकंतोडकं हिंदी शिकलीस, आणि मोकळा दिवस मिळाला की त्याला खोबरेल चोपडून, भांग पाडून बोईसरहून गाडीने पालघरच्या कचेरीत न्यायचीस. अशा पोरांना शिकवायला एक बाई द्या आणि तिचा पगार सरकारने द्यावा, एवढंच तुझं मागणं. येताना त्याच्या हातात स्टेशनवरचा पेरू असायचा. मी घरी बसून वाल सोलायचे आणि त्या पेरूकडे बघायचे.

एकदाच मला नेलंस. तुला ताप होता, त्याला सांभाळायला कुणी हवं होतं म्हणून. तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. साहेब टेबलापलीकडे बसलेत, तू उभी, तो तुझा पदर बोटाला गुंडाळतोय. साहेब म्हणतात, "बाई, यासाठी सदरच नाही. कुठल्या सदराखाली पैसे टाकू?" तू म्हणतेस, "मग सदर काढा. सदर काय ब्रह्मदेवानं काढलं?" मागचे कारकून हसले. साहेब जरा मऊ झाले, म्हणाले, "देवाची करणी आहे बाई, आपण काय करणार." तू पदर सोडवून घेतलास आणि म्हणालीस, "देवाची करणी मी बघते साहेब, सरकारची तुमी बघा. आमच्या शेजारी ईज काढाया डोंगराएवढा पैसा ओतता. ओता. आमी नको बोललो? हुशार पोरांना मास्तर देता. माज्या पोराला एक बाई द्यायची तर तुमची तिजोरी आटते?" सगळी कचेरी तुझ्याकडे बघत राहिली. मीही बघत होते, आणि आतून नुसती जळत होते. सातवीनंतर पोरीला पुढे शिकवा म्हणून मास्तर स्वतःच्या पायाने आपल्या ओट्यावर आले होते, तेव्हा तू "बघू" म्हणालीस. नुसतं "बघू." तुझ्या त्या तोंडातलं अर्धं वाक्यसुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही.

पण तू जिंकलीस, हे कबूल करायला हवं. बोईसरला एक खोली मिळाली, एक बाई आली, दांडी गावच्या एका कोळणीची मुलगी आणि आणखी तीनचार पोरं जमली. त्याला बटणं लावता यायला लागली, बादलीने झाडांना पाणी घालता यायला लागलं. तू गावभर सांगत हिंडलीस. आणि पुढल्या वर्षी पैसे आलेच नाहीत. बाई गेली, खोलीला कुलूप लागलं. तू पुन्हा हेलपाटे घातलेस, पण या वेळी तुझा आवाज बसला होता. एका संध्याकाळी विहिरीवर मी दोर ओढतेय आणि तू माझ्याकडे टक लावून बघतेयस. म्हणालीस, "सरकार आज देतं, उद्या इसरतं. माणूस बांधून ठेवाया पायजे." मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

माझं लग्न ठरलं ते पालघरच्या घरात. नवरीबरोबर पाठराखीण जाते. कुणाची आतेबहीण, कुणाची चुलतबहीण. चार दिवस नव्या घरात नवरीच्या सोबतीला राहते, आणि मग माहेरचं माणूस येऊन तिला घेऊन जातं. माझ्यासाठी मावशीची पोरगी नवं परकर-पोलकं घालून तयार होती. आणि तू काय केलंस? गाडीत मी बसले, तर माझ्या शेजारी त्याला बसवलंस! इस्त्रीचा सदरा, कपाळाला कुंकवाचा टिळा. वरातीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत. मी तुझ्या कानाशी म्हटलं, "आई, काय हे?" तू माझी ओटी सारखी केल्यासारखं केलंस आणि म्हणालीस, "जाऊ दे गं, चार दिवस." नवी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडते तेव्हा साऱ्या घराने तिच्याकडे बघायचं असतं ना? माझ्या वेळी सगळे त्याच्याकडे बघत होते.

चार दिवस झाले, आठ झाले. न्यायला कुणी येईना. मुरबे गावच्या मासळीवालीबरोबर तू निरोप धाडलास, वाडीत काम हाय, जरा राहू दे. मांडवपरतणीला मी माहेरी आले तेव्हा तोही माझ्याबरोबर आला, आणि मी परत निघाले तर पुन्हा आपला गाडीत माझ्या शेजारी. तेव्हा मला कळलं. तुझं ते "बांधून ठेवायचं माणूस" मी होते. मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी हो म्हटलं असतं की नाही, ते मला आज सांगता येत नाही. पण विचारायचं तरी!

सासू मात्र देवमाणूस. तिने त्याला परत धाडायचा विषय काढला नाही. उलट तो पाणी भरतो, घरातल्या तान्ह्याचा पाळणा हलवतो म्हणून त्याच्या पानात आधी वाढायला लागली. म्हणजे इथेही मधला तुकडा त्याचाच! माझा नवरा त्याला "मेव्हणेबुवा" म्हणून हाक मारायचा, संध्याकाळी त्याला घेऊन स्टेशनपर्यंत फिरायला जायचा. मला कधी नेलं? मी धुसफुसत त्याची नखं काढायचे, त्याला आंघोळ घालायचे, ताप आला की उशाशी बसायचे. करता करता तो माझ्या पाठीमागे फिरायला लागला. कधीपासून, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग वर्षभराने तू आलीस. डोक्यावर केळीचा घड. तुला बघून तो हसला, टाळ्या वाजवल्या, केळं खाल्लं, आणि परत येऊन माझ्या मागे उभा राहिला. तू म्हणालीस, "चल रं बाळा, दोन दिवस माज्यासंगती चल." त्याने माझा पदर धरला. तू त्याचा हात ओढलास, तो रडायला लागला. तू हात सोडलास आणि माझ्यावर उसळलीस. "त्याच्या कानात मळ किती! असं वळण लावलंस?" सासू ताट वाढत होती. भूक नाय म्हणालीस आणि पाण्याचा घोटसुद्धा न घेता पाठ फिरवून गेलीस. एवढं करून हे ऐकायचं! मी त्या दिवशी भांडी आपटली. आणि त्या पावसाळ्यातच तू गेलीस, त्यामुळे तो राग माझ्याकडे तसाच राहिला.

आता पालघर जिल्हा झालाय, आई. तुझं ते सदर निघालं. त्याला दर महिन्याला सरकारचे थोडे पैसे मिळतात, बंद पडले की मी जाऊन भांडते, आणि भांडताना तुझेच शब्द माझ्या तोंडी येतात. कायदाही झालाय. अशा माणसाचा पालक कोण, हे आता कलेक्टर कचेरीतली समिती ठरवून देते. परवा तिथेच गेलो होतो. माझे गुडघे गेले, नवरा गेला, मी किती दिवसांची? म्हणून सुनेचं नाव द्यायचं ठरवलं. सून साताऱ्याकडची, तिचे वडील बोईसरच्या कारखान्यात आले ते इथलेच झाले. तिला मी आधी चांगलं विचारलं, हं. एकटीला समोर बसवून विचारलं. तिने दोन दिवस मागितले आणि मग हो म्हणाली. तेव्हापासून त्याचं जेवण, आंघोळ, औषध सगळं मी मुद्दाम तिच्या हाती सोपवलं, त्याला सवय व्हावी म्हणून.

समितीतल्या बाईंनी त्याला विचारलं, "काका, तुम्हाला कुणाकडे राहायचंय?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ सुनेचा हात धरला. बाई हसल्या, म्हणाल्या, झालं की काम. झालंच. मला हवं होतं तेच, तसंच झालं. रिक्षात मी सुनेला म्हटलं, "त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलंय, दिसत नाही तुला?" घरी तिने ताट वाढलं, तर मी भूक नाही म्हणून उठले.

उठले आणि मोरीशी जाऊन उभी राहिले, हातात तांब्या. तेव्हा तू डोळ्यापुढे आलीस. त्या दिवशी माझ्या सासरहून सडकेपर्यंत उन्हात उपाशी चालत गेलीस, ती. मी तुझ्यामागे पाणी घेऊन यायला हवं होतं, असं म्हणणार नाही. मी नवी सून होते, मला काय ठाऊक! पण तुलाही बोलता आलं असतं. कचेरीत साहेबाला बोलत होतीस ना?

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. आत्ता तो मागच्या दारी सुनेबरोबर अबोलीच्या कळ्या निवडतोय. मघाशी मी त्याला उगाच हाक मारली, काही काम नव्हतं. त्याने मान वर करून पाहिलं, हसला, आणि परत खाली बघून कळ्या निवडायला लागला. आता माझ्यामागे त्याची काळजी नाही. बरं झालं, असं मी सुनेला मोठ्याने म्हटलं, आणि घरात येऊन पोटभर रडले.