क्लावा आजींचा होकार

प्रिय आई,

तुला, बाबांना आणि नव्या शिंगरालाही इथून सलाम. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. खोकला जवळजवळ गेलाय.

आमच्या इमारतीची रस्त्याकडची भिंत रंगवायला मिळावी म्हणून मी आणि माझ्या चित्रकार मैत्रिणींनी काल अंगणात सभा घेतली. किर्गिझ, उइघुर, दुंगान, कोरियन, सगळे शेजारी आले. 'चित्रात तुम्हीच असाल,' मी सांगितलं. पण प्रत्येकाचा होकार हवा होता.

रशियन क्लावा आजी उठल्या. "आमची मुलंबाळं देश सोडून गेली. उरलेल्या म्हातारीला भिंतीवर कशाला टांगता?"

मी कच्चं चित्र पुढे केलं. बाकावर त्या आणि दुंगान सालिमा आजी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्यात, रोज बसतात तशाच. क्लावा आजींनी चष्मा सरळ करून चित्र जवळ घेतलं.

"अगं सालिमा, तू एवढी म्हातारी झालीस?"

"आणि तू काय नवरी आहेस?"

अंगणभर हशा पिकला. क्लावा आजींनी डोळे पुसत हात वर केला. "रंगव बाई. पण चष्मा दाखवू नकोस."

भिंत मिळाली, आई! शिडी भक्कम आहे, काळजी करू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा अजून म्हणतात का, नर्सची नोकरी सोडून पोरगी भिंती बरबटते? चित्राखाली मी माझ्यासोबत बाबांचंही नाव लिहिणार आहे, 'बेर्मेत, तुर्सुनची मुलगी'. बाबांना चालेल का, तेवढं विचार.

तुझीच,
बेर्मेत
बिश्केक