करारावर माझी सही

नाशिक, १० ऑगस्ट १९३८

प्रिय सावळीराम,

तू पाठवलेला करार माझ्या पेटीत पडून आहे, त्याला आज नऊ दिवस झाले. शुक्रवारी मुदत संपते आणि लाल बावटा युनियनच्या सेक्रेटरीची, म्हणजे माझी, सही नसेल तर कारखान्याचा शेठ मागे फिरणार, हे मला ठाऊक आहे. आठवण द्यायला पुन्हा माणूस धाडू नकोस.

परवा पंचवटीतला तुझा सत्कार पाहिला. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर, सगळ्यांच्या मागे उभा होतो. आपल्या बिडी कारखान्यातल्या झाडून साऱ्या बाया आल्या होत्या. तानुबाई, जी आयुष्यात कुणाशी सरळ बोलली नाही, ती तुझ्या गळ्यात हार घालून म्हणाली, "दादा, तुमी लय मोठं काम केलं." मी संपापायी अकरा महिने तुरुंगात काढून आलो, तेव्हा याच तानुबाईनं मला विचारलं होतं, "आता तरी कामधंदा बघणार का नाय?" खोटं कशाला सांगू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काम कुणाचं रे ते? एकतीस साली आपण एका चटईवर बसून बिड्या वळत होतो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि सुपाखाली ते बंदी घातलेलं रशियाचं पुस्तक. मी हळू आवाजात वाचायचो आणि माझ्या वाट्याच्या बिड्या तू वळून द्यायचास, एवढं कबूल करतो. पण पाच मागण्या लिहिल्या त्या मी. कारखाना कामगारांच्या मालकीचा, ही पहिली. मुकादमानं नापास केलेल्या बिड्या वळणारीच्या डोळ्यांदेखत मोडाव्यात, ही शेवटची. नापास म्हणून मजुरी द्यायची नाही आणि त्याच बिड्या मागच्या दारानं विकायच्या, हा शेठचा जुना उद्योग तू माझ्याइतकाच पाहिला आहेस.

पुढे मी संपात गेलो आणि तू खादीत गेलास. तुमचा पक्ष निवडून आला, सरकारात बसला. आमचा अजून बेकायदाच. आणि तू काय केलंस, तर माझ्या पाचांतल्या दोन मागण्या उचलल्यास, आठवड्याची सुट्टी आणि बिड्या मोडणं, आणि शेठबरोबर चहा पीत पीत मंजूर करून घेतल्यास. पहिलीचं नावसुद्धा काढलं नाहीस. हा कामगारांना गप्प करण्याचा डाव आहे, असं मी सभेत ठणकावून सांगितलं. अजूनही थोडंफार तसंच वाटतं. पण सावळ्या, सहीसाठी हात अडला तो त्यामुळे नव्हे. याच दोन गोष्टी माझ्या हातून झाल्या असत्या, तर मी गावभर मिरवलो असतो. मी जळतो तुझ्यावर. तुझ्या त्या हारावर, तानुबाईच्या "दादा"वर, सगळ्यावर.

आज दुपारी अम्मी कामावरून आली. डोळ्यांना धड दिसत नाही, तरी ती अजून वळते. मुकादमानं तिच्या दोन जुड्या नापास म्हणून बाजूला काढल्या आणि न मोडता आत नेल्या. माझ्यापुढे ताट ठेवताना ती म्हणाली, "सावळीरामनं तर समदं करून ठेवलंय. कुणी तरी कागद दाबून बसलंय म्हणतात. वाटोळं होवो त्या मेल्याचं." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती मी कशीबशी खाल्ली, हात धुतले आणि पेटी उघडली. करार या पत्रासोबत पाठवतो आहे. तो कुणाकडे अडला होता, हे अम्मीला कधीही कळू देऊ नकोस. आणि हो, तुझ्या सहीखाली माझ्यासाठी जागा सोडली होतीस, तिथं मी सही केलेली नाही. तुझ्या सहीच्या वर बोटभर जागा होती, तिथं दाटीवाटीनं बसवली आहे. नीट वाचता येत नाही, पण वर आहे.

तुझाच,
कादर