एक्केचाळीस अस्पष्ट फोटो

प्रिय बटण,

आज सकाळी ग्रंथालयात अकरा माणसांसमोर माझ्या हातातून माऊस सुटला, आणि मी कुणाला काही न सांगता उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले. आता दुपार झाली आहे. घरी येऊन पाणी प्यायले, मशीनवरचं अर्धं शिवलेलं काम बाजूला सारलं आणि हे लिहायला बसले. फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. सहा आठवडे तुझा रविवारचा फोन नाही. कामात आहे एवढे दोन शब्द तू पाठवतेस, आणि मी इकडे रुसून बसले होते की बघू या, पोरीला आईची आठवण कधी येते ते. आता त्या रुसण्याची मला लाज वाटते. पण सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर मलाच नीट कळायचं नाही.

तुला बोलले नव्हते, पण गेला महिनाभर दर मंगळवारी मी ग्रंथालयातल्या वर्गाला जाते. साठीच्या पुढच्यांना फोन आणि संगणक शिकवतात. शिकवायला एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई आहेत, आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावर डुलकी काढायची सोय नाही. आज त्या क्लाउड समजावत होत्या. म्हणजे आपले फोटो, कागद आपल्या फोनमध्ये तर असतातच, पण त्यांची एक प्रत लांब कुठल्याशा इमारतीतल्या मोठ्या यंत्रांमध्ये जाऊन राहते. आमच्यातले पोस्टमनकाका लगेच म्हणाले, त्या इमारतीचा पत्ता द्या. पत्ता त्यांनाही माहीत नाही म्हटल्यावर काका असे खवळले की आयुष्यभर आपण उगाच जिने चढलो असंच त्यांना वाटलं असावं. बेकरीवाल्या मावशींची काळजी वेगळी. किल्ली कुणाकडे? बाई म्हणाल्या, हा प्रश्न खरा. किल्ली म्हणजे तुमचं खातं आणि पासवर्ड. दोन माणसांकडे एकच किल्ली असेल तर कपाटही एकच. एकाने ठेवलेलं दुसऱ्याला दिसतं, आणि एकाने फेकलेलं दुसऱ्याकडूनही जातं. मी हे वहीत लिहून घेतलं, खाली रेघसुद्धा ओढली. आपला याच्याशी काय संबंध, अशाच थाटात.

संबंध असा की माझा फोन म्हणजे तुझा जुना फोन. बाबा गेल्यावर तू परत निघालीस तेव्हा घाईघाईत माझ्या हातात दिलास. कुणाचं खातं, कुठला पासवर्ड, हे मी कधी विचारलं नाही आणि तूही बदललं नसावंस. मी त्यात फोटो काढते ते कामापुरते. मापाच्या वहीचं पान, गिऱ्हाइकाने आणलेला नमुना, शिवून झालेला फ्रॉक. कॅमेऱ्याच्या शेजारी दिसतात तेवढेच मला माहीत. तुला आठवतं, मागे मशीनचा पट्टा तुटला म्हणून दुकानदाराला दाखवायला मी त्याचा फोटो काढला होता? चौथ्या दिवशी तुझ्याकडून नवा पट्टा हजर! मी गल्लीभर सांगत सुटले की पोटच्या पोरीला आईच्या मनातलं न सांगता कळतं. माझा अंगठा सुजला तेव्हा मलम आलं, तेव्हाही तेच. अगं, तू रोज माझे फोटो बघत होतीस. शेकडो मैलांवरून माझ्या घरात डोकावत होतीस आणि मला पत्ताच नव्हता.

बाईंनी प्रत्येकाला संगणकावर आपापलं कपाट उघडायला लावलं. माझ्या फोनने विचारलं, तुम्हीच आहात का. मी होय म्हटलं. मोठ्या पडद्यावर चौकोनच चौकोन भरले. माझे फ्रॉक, माझी मापं, आणि त्यांच्यामध्ये तुझं घर. मी आधी हसले. म्हटलं, चला, फुकटात लेकीचं घर बघायला मिळालं. एका फोटोत जावई लाकडाच्या छोट्या पलंगाला पॉलिश करत होते. चारी बाजूंनी कठडे असलेला, तान्ह्या मुलाचा पलंग. मनात म्हटलं, मी आजी होणार! मी पटापट पुढे सरकले. आणि पुढे एका फोटोत तोच पलंग सुटा करून दारामागे उभा होता. फळ्या सुतळीने बांधलेल्या.

त्याच्यापुढे मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी चाळीस वर्षं बायकांचे कपडे सैल करते आणि आत घेते. माणूस बोलत नाही ते शिवण बोलते. तो निळा झगा मी तुला गेल्या वर्षी शिवून पाठवला होता, बाजूला दीड इंचाची माया ठेवून, लागलं तर सैल करता यावा इतकं जास्तीचं कापड. एका फोटोत तू खिडकीशी उभी आहेस आणि ती माया पूर्ण उसवलेली आहे. तू स्वतः उसवलीस, कारण परत घातलेले टाके वेडेवाकडे आहेत, मी असे घातले नसते. नंतरच्या फोटोत तोच झगा परत आत घेतलेला. आधी होता त्याहूनही आत. खांद्याची शिवण दोन बोटं खाली उतरली आहे. मधल्या तारखा मी मोजल्या. सातव्या महिन्यात बाळ गेलं असणार. डॉक्टरांच्या कागदाचाही एक फोटो होता, पूर्ण विश्रांती असं लिहिलेला, म्हणजे धोका पहिल्यापासून होता. त्या सगळ्या दिवसांत तू मला सांगत होतीस की कॅमेरा बिघडलाय, नुसतं बोलू या. आणि मी तासभर बटणांचे भाव कसे वाढलेत ते ऐकवत होते. देवा! मी त्या वेळी तुला साधं इतकंही विचारलं नाही की तुझा आवाज असा का येतोय.

याच्यापुढचं लिहायला सगळ्यात जड जातंय. दीडेक महिन्यापूर्वी माझ्या फोनने कुरकुर सुरू केली, जागा संपत आली म्हणून. एक यादी त्यानेच काढून दिली. हे फोटो अस्पष्ट आहेत, काढून टाकायचे का? एक्केचाळीस होते. हललेले, कापडाच्या पाठीचे, माझ्याच अंगठ्याचे. त्यांत एक काळाकुट्ट होता, मध्ये राखाडी डाग. पिशवीत चुकून बटण दाबलं गेलं असेल असं समजून मी तोही टाकला. मोठं काम केल्यासारखा वर चहा ठेवला. आज जिन्यात बसल्या बसल्या तो डाग माझ्या डोळ्यांसमोर आला. मी तशीच आत गेले आणि बाईंना विचारलं, फेकलेलं परत मिळतं का? त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता शेजारी खुर्ची ओढली. साठ दिवस कचरापेटीत राहतं, मग कायमचं जातं, म्हणाल्या. मोजलं तर बेचाळीस झाले होते. तो फोटो तिथे होता. मोठा करून पाहिला तर सोनोग्राफीचा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत तुझं नाव, तारीख आणि आठवडे. आणि तो डाग, बटण, तो डाग नव्हताच. त्याला नाक होतं. मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस परत ठेवले, माझ्या अंगठ्यांसकट, कारण त्यातला एकच उचलायला हात धजेना. त्यानंतर मी कपाट बंद केलं. बाकीचं काही पाहिलेलं नाही, तू दाखवल्याशिवाय पाहणारही नाही.

तुला बटण हे नाव का पडलं ते तू सगळ्यांना हसत हसत सांगतेस. पाच वर्षांची असताना तू माझ्या डब्यातलं बटण गिळलंस. पण त्यातला अर्धा भाग तू गाळतेस. तू दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतंस. पोट धरून कोपऱ्यात बसायचीस आणि विचारलं की काही नाही म्हणायचीस. आई बटणं मोजते, आई रागावेल, म्हणून. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे सांगितल्यावर मी तुला आधी एक धपाटा दिला होता आणि मग रडले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोर आईला त्रास नको म्हणून काय वाटेल ते गिळून बसेल. आणि हे माहीत असून बाबा गेले त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात तुझा हात धरून म्हणाले, आता मला एकही वाईट बातमी सांगू नकोस, माझ्यात सोसायचं बळ उरलं नाही. तू मान हलवलीस. मी ते बोलले आणि विसरूनही गेले. तू विसरली नाहीस.

बेचाळीस दिवसांपूर्वी तुझ्या कपाटातून तुझ्या बाळाचा फोटो नाहीसा झाला, आणि त्याच आठवड्यापासून तुझा फोन बंद झाला. कपाटाची दुसरी किल्ली फक्त माझ्याकडे होती. तुला काय वाटलं असेल ते आज मला कळलं, आणि म्हणून हे पत्र. आईने पाहिलं, आईने काढून टाकलं, आणि एका शब्दाने विचारलंही नाही, असंच ना? नाही गं बाळा. मला माहीत नव्हतं. मी पाहिला असता तर तो छातीशी धरला असता आणि मिळेल त्या गाडीने निघाले असते. फोटो त्याच्या जागी परत आहे, आधी तेवढं उघडून बघ. स्वयंपाकघरात बोलले होते ते वाक्य मी मागे घेते, यापुढे वाईट बातमी सगळ्यात आधी मला सांगायची. पुढच्या शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते आहे, पत्र त्याच्या आधी पोचेल असं पोस्टमनकाकांनी छातीवर हात ठेवून सांगितलंय. माप घ्यायची टेप आणते आहे. झगा खांद्यात नीट बसवू. आणि त्या बाळाला तू मनातल्या मनात काय म्हणून हाक मारत होतीस, ते मला सांगशील? मलाही त्याला एकदा हाक मारायची आहे.

तुझीच, उशिरा शिकलेली
आई