बसीमाच्या ताटलीतल्या गोळ्या

कफ्र अल-नब्क, १२ जून २०१६

चि. हिल्मीस,
अ. आ. फोनवर तू ओरडतोस, म्हणून लिहिते.

यकृतातल्या ‘सी’ विषाणूवरच्या सरकारी गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झाले. रोज एक पिवळी, एक गुलाबी. सध्या रोजे आहेत, म्हणून मगरिबची, सूर्यास्ताची बांग झाली की खजुरामागून घेते. अशा बारा आठवडे घ्यायच्या. आपल्या वगीहदादाला याच दुखण्यात वर्षभर सुया टोचल्या, केस गळले, ताप हटेना, आणि तरी तो गेला. माझं साधं डोकंही दुखलं नाही. कधी कधी वाटतं, औषध आहे की खडीसाखर!

शेजारच्या बसीमालाही हेच दुखणं, पण तिचा नंबर सप्टेंबरात. परवा तिने कतायफ, पाकातल्या गोड करंज्या पाठवल्या. ताटली रिकामी कशी परत करायची? घरात गोड काही नव्हतं, म्हणून पिवळ्या गोळ्या तिला दिल्या, गुलाबी मी ठेवल्या. दोघींचं भागेल.

माया आहे तेवढी राहू दे, ओरडणं कमी कर.
तुझी थोरली बहीण, अब्ला इन्साफ

अलेक्झांड्रिया, १५ जून

ती. इन्साफ अब्लास,
सलाम वि. वि. पत्र वाचताना हातातलं घड्याळ पडलं, आणि तेही गिऱ्हाइकाचं. ताटलीत गोळ्या घालून पाठवणारी बाई साऱ्या मुलखात तू एकटीच असशील.

तडक डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, दोन्ही गोळ्या मिळून विषाणूला कोंडतात. एकटीच घेतली तर तो निर्ढावतो, आणि मग जोडीलाही दाद देईनासा होतो. शंभरात पंचाण्णव माणसं बरी होतात, पण दोन्ही न चुकता घेतल्या तरच. शिवाय बसीमा हृदयाची गोळी घेते ना? काही गोळ्यांशी या औषधाचं जमत नाही, नाडी पार मंदावते. आजच परत आण आणि तुझ्या डॉक्टरांना सगळं सांग.

अब्ला, मला भीती वाटते. वगीहला मी खांदा दिला. तुला द्यायची ताकद माझ्यात नाही.

रागावलेला, तरी तुझाच,
हिल्मी

कफ्र अल-नब्क, २४ नोव्हेंबर

चि. हिल्मीस,
अ. आ. तुझं पत्र पोचायच्या आधी तुझा फोन आला, त्याच दिवशी गोळ्या परत आणल्या होत्या, हे तुला ठाऊकच आहे. पाच दिवसांच्या खाड्यापायी डॉक्टरांनी मला पोरीसारखं झापलं. बारा आठवडे पुरे केले, मग पुन्हा बारा आठवडे नुसती वाट पाहिली. काल कागद मिळाला: विषाणू आढळला नाही. तीनदा वाचून घेतलं. अठ्ठेचाळीस वर्षं रक्तात राहिलेला तो गेला, आणि मला कळलंसुद्धा नाही. अंगणात बसून कितीतरी वेळ आपलेच हात बघत राहिले. मग उंबऱ्यावर मडकं फोडलं, ज्याने परत येऊ नये त्याच्यामागे फोडतात तसं. बसीमाची हृदयाची गोळी डॉक्टरांनी आधी बदलली, आता तिचंही औषध सुरू आहे.

एक आठवलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी शाळेत बिल्हार्झियाची, कालव्याच्या पाण्यातल्या जंतांच्या रोगाची सुई टोचायला आले तेव्हा रांगेत वगीह पुढे, त्याच्यामागे मी, माझ्यामागे तू. काचेची पिचकारी सगळ्यांना एकच होती. मला एवढं शहाणपण शिकवलंस, पण तुझं रक्त कधी तपासलंस ते कुठल्याच पत्रात नाही.

उत्तराची आणि तुझी, दोन्हींची वाट पाहणारी,
अब्ला

अलेक्झांड्रिया, ११ डिसेंबर

ती. अब्लास,
सलाम वि. वि. कधीच तपासलं नव्हतं. भीत होतो.

आता तपासलं. माझ्यात आहे. तुझं पत्र आणि माझा कागद शेजारी ठेवून बसलो आहे. वगीहला असा कागद मिळाला त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नव्हती. मी मात्र घरी येऊन चहा प्यालो, दोन चमचे साखर जास्त घालून. एवढ्या वर्षांत जग इतकं बदललं याचं नवल वाटतं, आणि वगीहसाठी डोळे भरून येतात.

उद्यापासून गोळ्या. शेजाऱ्यांच्या ताटल्या बायकोने आजच बसबूसाच्या, रव्याच्या गोड वड्या घालून परत केल्या.

एक मडकं आणून ठेव. जूनमध्ये फोडायला मी स्वतः येतो.

तुझ्यामागे रांगेत उभा असलेला,
हिल्मी