डावा खांदा

रविवार, जेवणानंतर. ऐरोली.

नवऱ्यावर संशय घेणारी बाई मी नाही. पण आजचं डोक्यातून जातच नाहीये.

खारघरला ती शूटिंग रेंज सुरू झालीय. लोक रविवारी मजा म्हणून जातात, म्हणून सतीशला मीच ओढून नेलं. "आम्ही दोघंही पहिल्यांदाच," असं काउंटरवर तोच म्हणाला.

तिथल्या सरांनी मला विचारलं, "राइटी की लेफ्टी?" मग एअर रायफल उजव्या खांद्याला टेकवून दिली. सतीशची पाळी आली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. रायफल सरळ त्याच्या डाव्या खांद्याला लावली.

डाव्या. त्यांना कसं कळलं?

सतीश मुळात डावखुराच. पण सासूबाईंनी लहानपणीच फटके देऊन ती सवय मोडली. जेवतो उजव्या हाताने, लिहितो उजव्या हाताने. आज काउंटरवर सहीसुद्धा उजव्यानेच केली. लग्नानंतर वर्षभर मलाही पत्ता नव्हता.

परतताना गाडीत विचारलं, तर म्हणाला, "अगं, त्या लोकांना अंदाज असतो."

अंदाज असतो, तर मला का विचारलं?

दर शनिवारी रबाळ्याला कंपनीत जादा काम असतं, म्हणून डबा घेऊन जातो. कंपनीतच जातो ना?

मघाशी जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, "या शनिवारी डबा द्यायचाय?"

"दे ना. काम आहेच," म्हणाला आणि उजव्या हाताने आमटीभात कालवत राहिला. डावा हात मांडीवर ठेवला होता, शहाण्या मुलासारखा.