न्यूनेनमधला पुकारा

न्यूनेन, नेदरलँड्स, १२ ऑक्टोबर २०१४

ती. बाबांना,
समताचा सादर जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्याऐवजी स्वतःचेच केस न्याहाळत बसता, म्हणून हा टपालाचा खटाटोप मला आवडतो. आईला यंदा दीक्षाभूमीच्या गर्दीत नेलं नाहीत ना? तिचे गुडघे सांभाळा.

पुस्तकाचं विचारलंत. माझा न्यायाधीश, रॉबर्ट ऑफ केल्सवर्थ, आता चांगलाच रंगात आलाय. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या साध्या घरातला मुलगा. राजाच्या शिक्क्याजवळ कारकून म्हणून शिरला, मग गावोगाव कोर्ट भरवत फिरणारा राजाचा न्यायाधीश झाला, आणि पुढे एका अख्ख्या परगण्याचा कारभार त्याच्याकडे आला. निकाल छोटे, भाषा स्वच्छ. तुम्हीही जिल्हा न्यायाधीश होतात, तुम्हाला तो आवडेल.

शेवट मात्र वाईट झाला. राजापर्यंत लाचखोरीच्या तक्रारी गेल्या आणि हा चर्चमध्ये लपला. तिथे आसरा घेतलेल्याला पकडता येत नसे, पण गुन्हा कबूल करून त्याला देश सोडावा लागे. अनवाणी, अंगात एक सदरा, हातात लाकडी क्रूस, असं नेमून दिलेल्या बंदरापर्यंत चालायचं आणि जहाज मिळेपर्यंत रोज गुडघाभर समुद्रात उभं राहायचं. हीच शिक्षा त्यानं आयुष्यभर इतरांना सुनावली होती. समुद्र ओलांडून तो ब्राबांटात आला, म्हणजे आम्ही राहतो त्याच मुलखात. पुढे त्याचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

घरात एक किरकोळ कटकट आहे. बाहेरच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत ओली पावलं उमटतात. तुमचा जावई अश्वजित म्हणतो, पाइप गळतोय. प्लंबर येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. पाणी वाळलं की पांढरट थर राहतो. मी बोटानं चाखून पाहिलं. मीठ आहे. समुद्र इथून कुठच्या कुठे.

आईला सांगा, तिखट संपत आलंय. माया अशीच राहू द्या.
तुमची समता

नागपूर, २४ ऑक्टोबर २०१४

चि. समतास,
अनेक मंगलकामना.

जमिनीवरचं पाणी चाखणारी संशोधक मी पहिल्यांदाच पाहिली. तुझी आई हे वाचून दोन दिवस जेवली नाही; निदान तसं ती म्हणते. माझ्या ताटातलं मात्र तिनंच संपवलं.

आपण भूतखेत मानत नाही, तेव्हा पुरावा नीट बघ. पावलं तू काय करत असताना येतात? आत येणारी असतात की बाहेर जाणारीही? घरात कोण असतं? उत्तर आठवून नको, बघून लिही.

आणि तुझ्या साहेबांविषयी एक सांगतो. निकाल छोटा आहे म्हणून न्यायाधीश चांगला ठरत नाही. छोट्या निकालात कुणाचं म्हणणं गाळलंय, ते आधी शोधावं.

थंडी वाढली असेल. पायांत मोजे घाल. आठवण ठेव.
तुझा बाबा

न्यूनेन, ६ नोव्हेंबर २०१४

ती. बाबांना,
सादर जयभीम.

बघून लिहिते आहे. मी केल्सवर्थवर लिहायला बसले की पावलं येतात. आत येणारीच असतात. माझ्या खुर्चीमागे येऊन थांबतात. परत गेलेली कधी दिसत नाहीत.

मला भीती वाटत नाही. त्याचं आयुष्य लिहिणारं इतक्या वर्षांत कुणी भेटलं नसेल, म्हणून येत असेल बिचारा. कालच त्याच्या न्यायबुद्धीवरचं प्रकरण संपवलं. छान झालंय.

मोज्यांचं म्हणाल, तर हल्ली पायांत काही घालवतच नाही. जमीन गार असली की बरं वाटतं. खूप चालते. डोमेल नदी घराजवळच आहे. बाकी सगळं मजेत.

लोभ कमी करू नका.
समता

न्यूनेन, १२ नोव्हेंबर २०१४

आदरणीय बाबांना,
अश्वजितचा सादर जयभीम.

हे पत्र कुरिअरनं पाठवतोय आणि समताला सांगितलेलं नाही. फोनवर तुम्हाला ओरडून सांगण्यासारखं हे नाही.

सोमवारी दुपारी मी फेल्डहोवनला ऑफिसात होतो, तेव्हा पोलिसांचा फोन आला. समता डोमेलच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभी होती. अनवाणी. कोट काठावर नीट घडी करून ठेवलेला. कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी पाहिलं. बाई सांगत होत्या, इथे कशाला उभी आहेस असं विचारल्यावर समता शांतपणे डच भाषेत म्हणाली, की जहाजाची वाट बघतेय. त्या नदीत साधी होडीही धड चालत नाही, बाबा.

घरी आल्यावर तिला त्यातलं काहीच आठवेना. हाऊसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, कामाचा ताण म्हणाले आणि विश्रांती सांगितली. काल ती परत तिथेच सापडली. या वेळी थोडी आणखी आत होती.

मी सुट्टी घेतलीय, पण एका माणसाचं हे काम नाही. उन्हाळ्यातला तुमचा व्हिसा अजून शिल्लक आहे. जमेल तितक्या लवकर या.

आईंना जपून सांगा. तुमचा आधार असू द्या.
अश्वजित

न्यूनेन, ३० नोव्हेंबर २०१४

प्रिय शांता,
सप्रेम जयभीम.

पोरगी सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग चष्मा नीट बसवून पुढचं वाच.

मी आलो त्याच दिवशी पावलं पाहिली. समता टेबलाशी लिहीत होती, मी दाराकडे तोंड करून बसलो होतो. दार बंद होतं. एक पाऊल उमटलं, मग दुसरं. वर कोणी नाही, खाली पाणी. पावलं खुर्चीमागे थांबली तेव्हा मी उठलो आणि पावलाशेजारी माझा पाय ठेवला. मग समताला पाय ठेवायला लावला. तिच्याहूनही लहान पाऊल, बोटं वाकलेली, टाच फाटलेली. इतके दिवस ही दोघं ती पावलं त्या न्यायाधीशाचीच धरून बसली होती. ते पाऊल बाईचं होतं.

मी समताला विचारलं, तुझ्या साहेबांच्या कोर्टात उभी राहिलेली आणि तू पुस्तकात न घेतलेली बाई कोण? ती म्हणाली, ईडिथ नावाची एक विधवा होती. धान्यचोरीचा आळ आला म्हणून चर्चमध्ये शिरली. समुद्र एका दिवसाच्या वाटेवर असताना केल्सवर्थनं तिला ऐन हिवाळ्यात देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं बंदर नेमून दिलं. ती पोचली की नाही, कुणी लिहिलं नाही. एवढ्याशा गोष्टीनं पुस्तकाची लय बिघडते, म्हणून समतानं ती तळटिपेतही ठेवली नव्हती.

भुतावर माझा विश्वास नाही, शांता. पण दारात कोणी उभं असेल, तर काय म्हणणं आहे ते विचारणं हे माझं काम होतं आणि आहे.

काल दुपारी आम्ही तिघं नदीवर गेलो. मी काळा कोट घातला. आपल्या कोर्टात शिपाई करतो तसा तीनदा पुकारा केला, ईडिथ हाजिर हो. समता माझं बोलणं तिला येतं तेवढ्या जुन्या इंग्रजीत सांगत होती. मी म्हणालो, आरोप सिद्ध झालेला नाही, तुझं म्हणणं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून हद्दपारीचा हुकूम रद्द. आता घरी जा. वारा पडला. पाण्यावर काठाजवळ कुणी वळावं तशी एक लाट फिरली. समता एकदम रडायला लागली आणि अश्वजितला म्हणाली, माझे पाय किती गार पडलेत. त्यानं तिथेच खाली बसून तिला मोजे घातले.

घरी आलो तर पावलं टेबलापासून दाराकडे गेलेली. पहिल्यांदाच बाहेर जाणारी. आज समतानं ते न्यायबुद्धीचं प्रकरण फाडून टाकलं आणि ईडिथपासून नव्यानं सुरुवात केली.

एवढ्यावर मी येत्या शनिवारी परतायला हवं होतं. पण मघाशी दूध आणायला दार उघडलं. बाहेर फरशीवर पावलांची एक जोडी आहे. मोठी, पुरुषाची, ओली. पुढे सरकत नाहीत आणि मागेही जात नाहीत. बोलावल्याशिवाय आत न येण्याची कोर्टाची रीत या साहेबांना ठाऊक आहे. समतानं विचारलं, बाबा, याला हाकलू या का? मी नाही म्हणालो. फिर्यादीचं ऐकलं, आता आरोपीचंही ऐकावं लागेल.

तेव्हा तिकीट पुढे ढकललं आहे. काळा कोट वाळत घातलाय. तू काळजी करू नकोस, आणि रात्री दाराची कडी लावत जा.

तुझाच,
बबन