बाटलीतला अडुळसा

माय, तुझा फोटो आता बाटलीवर असतो. खाली गुजराती अक्षरांत ‘बानो उकाळो’, म्हणजे आईचा काढा. हा धंदा तुझ्या मुलाने, माझ्या धाकट्या भावाने काढलाय, आणि मला त्याची शिसारी येते.

भेस्तान वस्तीतल्या आपल्या खोलीमागे तू अडुळसा लावलास, तो दिवस मला अजून दिसतो. गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली कांडी तू मातीत तिरपी खोचतेस, खरकटं पाणी तिला घालू देत नाहीस. पुढे तिला पांढरी फुलं आली. कापड विणायच्या लूमवरच्या बाया खोकत यायच्या, तू जून पानं वाफवून रस पिळायचीस आणि मध घालून द्यायचीस. थुंकीतून रक्त पडणाऱ्याला मात्र सरळ दवाखान्यात पिटाळायचीस. एकदा शेजारणीला दिवस गेलेले, ती खोकत होती म्हणून मी वाटी घेऊन निघाले. तू माझं मनगटच धरलंस. “पोटुशी बाईले हाऊ काढा देऊ नको! पोर पडी जाई.”

तुझा मुलगा कारखान्यांच्या सचिन गावाकडच्या खाडीकाठचा पाला ओरबाडून आणतो, जिथून कापडगिरण्यांच्या रंगखात्याचं जांभळं पाणी वाहतं. मी कोसाडला त्याच्या खोलीवर गेले, तेव्हा साखरेच्या पाकावर माश्या बसल्या होत्या आणि दारात एक पोटुशी बाई बाटली घेत होती. “ले जाओ बेन, बच्चे के लिए भी अच्छा है,” हा तिला सांगत होता. मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. ती गेल्यावर विचारलं, “माय काय सांगायची, विसरलास?”

“नाही गं ताई. पण त्यात पाला असतोच कितीसा!” असं म्हणून तो हसला.

मी तशीच खाली उतरले आणि नळावरच्या बायांना सगळं सांगितलं, पाला कुठला तेही. त्या इमारतीत त्याची एक बाटली खपेना. “माझ्या पोटावर पाय दिलास,” म्हणाला आणि त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. आता तो दुसऱ्या भागात विकतो. तिथल्या बायांना कोण सांगणार?

तू गेलीस, हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. पण माझ्या नवऱ्यालाही न सांगितलेलं एक तुला सांगते. संध्याकाळी फोन वाजला की वाटतं, धाकट्याचाच असेल.